डिकीवाली गाडी

हेमलता खासनीस भाव करायला उभी राहिली की यशवंतपूरच्या घाऊक बाजारातले कांद्या-बटाट्याचे व्यापारी आधीच हसायला लागत. "अक्का आली, आजचा नफा गेला," असं म्हणत, आणि म्हणता म्हणता तिच्यासाठी चांगलं पोतं मागून ओढून काढत. लग्न होऊन साताऱ्याहून बंगलोरला आली तेव्हा तिला कानडीचा गंध नव्हता. ती भाषा तिने शिकली ती या बाजारात, रुपया-आठ आण्यांवरून हुज्जत घालताना.

तिचा नवरा रत्नाकर एका सरकारी कारखान्यात परचेस खात्यात होता. कामात काटेकोर आणि स्वभावाने कमालीचा भिडस्त. दिवाळीत एखाद्या सप्लायरने मिठाईचा डबा पाठवला तर तो दारातूनच परत करी, आणि मग त्या माणसाला वाईट वाटलं असेल म्हणून स्वतःच दिवसभर झुरत बसे. त्यामुळे गवंड्याशी, सुताराशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायचं काम आपोआप हेमलताकडे आलं होतं. कारखान्यातल्या लोकांनी मिळून जे. पी. नगरला प्लॉट घेतले, त्यावर घरं उठली, तेव्हा त्या ओळीत सगळ्यात कमी खर्चात आणि सगळ्यात पक्कं घर खासनिसांचं झालं. ते तिने उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं.

गाडी मात्र नव्हती. स्कूटर होती. ओळीतल्या एकेका घरापुढे गाड्या येत गेल्या, आणि शहाण्णव साली अशी वेळ आली की स्कूटरवर राहिलेलं घर खासनिसांचं एकच.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम लांबला. रत्नाकरला ताप होता, म्हणून हेमलता एकटीच गेली होती, प्रसादाचं मोठं पातेलं घेऊन. कार्यक्रम संपल्यावर ती पातेलं कडेवर घेऊन फाटकापाशी उभी राहिली. एकेक गाडी निघत होती. तेवढ्यात मंडळाच्या कार्यवाह शुभदा मांडके यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अरे, आज खासनीसबाईंना कोणाच्या गाडीत कोंबायचंय?"

लोक हसले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. कोणीतरी दार उघडलं, ती दोन मुलांच्या आणि एका हार्मोनियमच्या मधे पातेलं मांडीवर घेऊन बसली. 'कोंबायचं' हा शब्द मात्र तिच्या जिव्हारी लागला होता.

मुलगा ईशान त्याच उन्हाळ्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि त्याचा पगार ऐकून रत्नाकरने चष्मा काढून पुसला होता. त्यामुळे गाडीचा विषय निघाला तेव्हा घ्यायची की नाही हा प्रश्न नव्हताच. कोणती घ्यायची, यावरच घरात आठवडाभर धुसफुस चालली.

रत्नाकरच्या मनात एका सहकाऱ्याची जुनी मारुती आठशे होती. "हाताळलेली गाडी आहे, माहितीतली आहे. आपल्याला जायचंय तरी कुठे?"

"मला डिकीवाली हवी," हेमलता म्हणाली. "मागे लांब डिकी असते ती. नवी."

"आमच्या जनरल मॅनेजरांकडे जुनी फियाट आहे, हेमा. आणि माझ्या दारात डिकीवाली? परचेसच्या माणसाच्या दारात? लोक बोट दाखवतील."

"अर्धे पैसे मी देतोय ना, बाबा," ईशान म्हणाला. "हप्ते माझे."

"लोक हप्ते बघत नाहीत रे. गाडी बघतात."

"तेच तर म्हणतेय मी," हेमलता म्हणाली. "लोक गाडीच बघतात. वीस वर्षं स्कूटर बघून झाली त्यांची."

रत्नाकर गप्प झाला. वाद सुरू झाला की गप्प होणं ही त्याची सवय होती, आणि त्याचं गप्प होणं म्हणजे होकार, असं धरून चालणं ही हेमलताची. गाडी मात्र रत्नाकरच्याच नावावर घ्यायची, हेही तिनेच ठरवलं. घर कोणाचं, गाडी कोणाची, हे लोकांना कळायला नको?

शोरूमला ती ईशानला घेऊन गेली. काचेमागे त्या लांबलचक गाड्या उभ्या होत्या आणि मॅनेजर टाय लावून बसला होता. पहिली दहा-पंधरा मिनिटं तो ताठ होता. किंमत ठरलेली असते मॅडम, गाडीसाठी तीन महिने थांबावं लागेल मॅडम, सीटकव्हरचे वेगळे मॅडम. ईशान लाजून काचेबाहेर बघत होता. हेमलता हटली नाही. तिने नाव, पत्ता, नवऱ्याची नोकरी सगळं लिहून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून भाव सुरू केला. मधेच मॅनेजर "एक मिनिट" म्हणून आत गेला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. कॉफी आली. मग सूट आली, आणि ती एवढी, की तेवढ्यात एक नवीकोरी स्कूटर आली असती. सीटकव्हर फुकट, टेप फुकट, आणि गाडी पुढच्याच महिन्यात.

"आई, तू ग्रेट आहेस," बाहेर आल्यावर ईशान म्हणाला.

रिक्षात बसल्यावर हेमलताचं अंग हलकं झालं होतं. यशवंतपूरला कांदे घेणं वेगळं आणि हे वेगळं. टाय लावलेल्या माणसाला तिने नमवलं होतं. रत्नाकरने ऐकलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "एवढी सूट? खरंच?" आणि मग तो हसला. मनापासून हसला. कारखान्याच्या नियमाप्रमाणे त्याने गाडी घेत असल्याचं ऑफिसला रीतसर कळवलं, आणि हळूहळू त्यालाही ती गाडी आवडायला लागली. एकदा त्याच्या पिशवीत तिला पिवळं मऊ फडकं सापडलं. "गाडी पुसायला," तो ओशाळून म्हणाला.

गाडी शनिवारी यायची होती. रविवारी पूजा आणि जेवण. मंडळातल्या सगळ्यांना आमंत्रणं गेली होती, शुभदा मांडकेंना तर हेमलताने स्वतः फोन केला होता.

बुधवारी दुपारी भाग्यलक्ष्मी आली. मागच्या गल्लीत राहणारी, हेमलतापेक्षा दहा वर्षांनी लहान, देवळात ओळख होऊन मैत्रीण झालेली. रोज संध्याकाळी दोघी मिळून भाजीला जात. त्या दिवशी ती पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन आली होती. मोगऱ्याचा गजरा आणि नारळ आणला होता. नवरा उंच, गोरा, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ. लोक त्याला नुसतं राव म्हणत. त्याचा कसला तरी धंदा आहे, एवढंच हेमलताला माहीत होतं.

"तुम्ही बसा अक्का, कॉफी मी करते," म्हणत भाग्यलक्ष्मी हक्काने स्वयंपाकघरात गेली.

राव खुर्चीत रेलून बसला. कानडीत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "रंग आवडला ना अक्का? तो राखाडी रंग मिळत नाही सहसा."

हेमलता हसायला गेली आणि थांबली. रंग तिने कोणालाच सांगितला नव्हता. रविवारी सगळ्यांना चकित करायचं होतं तिला.

"शोरूम माझ्या मेहुण्याचं आहे," राव म्हणाला. "तुम्ही भाव करत होता तेव्हा सरांचं नाव वाचून त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, अक्का म्हणतील ती किंमत लावा. घरचीच माणसं."

आतून पेल्यांचा आवाज येत होता. "पण का?" हेमलताने विचारलं.

"सर ओळखतात मला. हयवदन राव म्हणून सांगा. नाही, सांगूच नका. फार सरळ माणूस, उगीच मनाला लावून घेतील." त्याने आवाज आणखी खाली आणला. "शुक्रवारी त्यांची टेंडरची मीटिंग आहे. मागच्या खेपेला आम्ही पुरवलेले कास्टिंग, ओतीव भाग, स्वल्प तडकले होते. होतं असं कधी कधी. सरांनी तेवढं ताणून धरू नये, बाकी काही नाही."

"आणि ताणून धरलं तर?"

"कशाला अक्का? गाडी दारात उभी राहणार आहे. सगळे बघणार आहेत. कोणी विचारलं कितीला पडली, तर मलाही काहीतरी सांगावं लागेल ना?"

भाग्यलक्ष्मी कॉफी घेऊन आली. हेमलताने पेला हातात घेतला तो तसाच गार झाला. जाताना भाग्यलक्ष्मीने तिच्या केसांत गजरा माळला. ती दोघं फाटकाबाहेर गेल्यावर हेमलताने तो काढला आणि हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

आधी तिला भीती वाटलीच नाही. आधी वाटली ती शरम. आपण भाव केलाच नव्हता. तो माणूस आत जाऊन फोन करून आला, आणि आपण समजलो आपल्या बोलण्याने पाघळला. वीस वर्षांच्या तिच्या सगळ्या बढाया त्या खोलीत तिच्याकडे बघून हसत होत्या. भीती आली ती नंतर, रत्नाकर घरी आल्यावर. जेवताना तो म्हणाला, "शुक्रवारी मोठी मीटिंग आहे. एकाचे कास्टिंग तडकलेत, मशीनवर एका माणसाचा डोळा जाता जाता वाचला. त्याला बाहेर काढायचंय. सोपं नाही, वरपर्यंत ओळखी आहेत त्याच्या." मग ईशानशी तो गाडीला टेप कुठला लावणार त्यावर बोलत बसला. तिने ताट बाजूला सारलं. "डोकं दुखतंय," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी रत्नाकरची कारखान्याची बस गेल्याबरोबर ती रिक्षा करून शोरूमला गेली. बँकेत जाऊन स्वतःची ठेव मोडायची तयारी करूनच गेली होती.

"मला पूर्ण किंमत भरायचीय," ती मॅनेजरला म्हणाली.

मॅनेजरला आधी कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी भाव वाढवायला आलं असावं. "मॅडम, बिल झालंय."

"नवीन करा."

तो आत गेला. काचेतून त्याच्या हातातला फोन तिला दिसत होता. परत आला तेव्हा हसत होता. "राव म्हणतात, अक्कांना एवढं मनावर घेऊ नका म्हणावं. आणि मॅडम, तुम्ही इथे येऊन सूट परत देताय, याचा अर्थ सूट कशाची होती ते तुम्हाला माहीत होतं, असंच लोक म्हणतील. मग उलट त्रास. शनिवारी गाडी घेऊन जा."

तिथेच तिला कळलं की आता पैसे भरूनही हे धुतलं जाणार नाही. फोन झाला तेव्हाच सगळं झालं होतं. "गाडी रद्द करा," ती म्हणाली. मॅनेजरने खांदे उडवले. ॲडव्हान्सचं काय ते नंतर बघू, म्हणाला. बाहेर येऊन ती फुटपाथवर उभी राहिली. रविवारच्या जेवणाचा विचार तिच्या मनात आला, शुभदा मांडकेंचा चेहरा आला, आणि तिला स्वतःचाच राग आला, की आत्ता, या घडीलाही, आपल्याला हे आठवतंय.

संध्याकाळी ती कोपऱ्यावर, कारखान्याची बस थांबते तिथे जाऊन उभी राहिली. ईशानसमोर हे बोलायची तिची हिंमत नव्हती. रत्नाकर उतरला आणि तिला बघून घाबरला. "काय झालं? ईशान बरा आहे ना?"

बस पुढे गेली. तिने रस्त्यावरच सगळं सांगितलं, एका दमात, काही न वगळता. कालपासून माहीत होतं हेही सांगितलं. रत्नाकर कुणाच्यातरी कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर बसला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलंय," तो म्हणाला. "आमच्या हिने भाव पाडला म्हणून. केवढी सूट मिळाली तेही सांगितलंय. कौतुकाने."

"मी रद्द केली गाडी."

"चांगलं केलंस."

"कोणाला काही बोलू नका. गाडीच नाही तर प्रश्न काय उरतो? उद्या मीटिंगला जा, त्याला काढून टाका, झालं."

रत्नाकरने मान हलवली. "मी त्याला काढलं की तो म्हणणार, सूट मागितली, पुरेशी दिली नाही म्हणून काढलं. नाही काढलं तर कोणाचा तरी डोळा जाईल. मला मीटिंगला बसताच येणार नाही, हेमा. सकाळी साहेबांना सगळं सांगावं लागेल."

"तुमच्यावरच उलटेल."

"उलटेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भिडस्तपणा कुठेच नव्हता. असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

शुक्रवार तिने कसा काढला ते तिलाच माहीत. फोन वाजला की उचलायला धावायची, आणि उचलायच्या आधी थबकायची. संध्याकाळी बस आली. ओळीतले सगळे उतरले, रत्नाकर उतरला नाही. उतरलेल्यांपैकी एकाने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. दिवेलागणीनंतर रत्नाकर रिक्षाने आला, चप्पल काढून पाय न धुताच खुर्चीत बसला.

"मीटिंग माझ्याशिवाय झाली," तो म्हणाला. "कास्टिंगवाल्याला तूर्त थांबवलंय. माझी चौकशी होईल. सोमवारपासून मी परचेसमध्ये नाही. स्क्रॅप यार्डात."

ईशान उठून उभा राहिला. "पण तुम्ही तर स्वतः सांगितलंत! हा कुठला न्याय?"

"साहेब म्हणाले, दुसरं काही करता येत नाही. खरं आहे त्यांचं," रत्नाकर म्हणाला, आणि हेमलताकडे वळून, "रविवारचं काय करायचं?"

"माणसं बोलावलीत," ती म्हणाली. "जेवतील."

रविवारी सगळे आले. फाटकापाशी रिकाम्या जागेवर तिने सकाळी सडा घातला होता, तिथे प्रत्येक जण थबकून आत येत होता. शुभदा मांडकेंनी बसायच्या आतच विचारलं, "अहो, गाडी कुठाय?"

रत्नाकर दारात उभा होता. कोणाचं नाव घ्यायचं नाही, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं.

"घेतली नाही," हेमलता म्हणाली. "फार स्वस्तात मिळत होती."

कोणीतरी हसलं. ती हसली नाही, आणि मग हसणारा माणूसही गप्प झाला. तिने पानं मांडली, वाढलं, आग्रह केला. कारखान्यातल्यांना बातमी कळलेली होती हे त्यांच्या खालच्या मानांवरून तिला दिसत होतं. निघताना शुभदाबाईंनी तिचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

चौकशी पुढचा पावसाळा संपेपर्यंत चालली. या काळात ओळीतल्या बायका पूर्वीसारख्याच बोलत, फक्त थोडं कमी. बाजारात कांदेवाला म्हणे, "अक्का, भाव नाही करत हल्ली?" आणि ती सांगेल ते देऊन येई. शेवटी रत्नाकरचा काही दोष नाही असा निकाल आला, पण अधिक सावध राहायला हवं होतं, असा शेराही. त्याची बदली रद्द झाली नाही. हयवदनचा माल वर्षभराने दुसऱ्या नावाने पुन्हा कारखान्यात येऊ लागला, हेही रत्नाकरला स्क्रॅप यार्डात बसून कळलं, कारण तडकलेले कास्टिंग शेवटी तिथेच येऊन पडत.

ॲडव्हान्स कापून-बिपून परत मिळाला. तो आला त्याच आठवड्यात रत्नाकर म्हणाला, "चल, गाडी बघायला."

"तुमच्या त्या मित्राची? ती विकली त्यांनी."

"ती नाही. डिकीवाली. दुसऱ्या शोरूमला, पूर्ण किमतीत."

"मला नको आता," हेमलता म्हणाली. "छोटी घेऊ. नाहीतर नकोच."

"लोक बोट दाखवतील म्हणून मी जन्मभर घाबरलो," रत्नाकर म्हणाला. "दाखवून झालं त्यांचं. आता कशाला?"

त्याने ऐकलं नाही. गाडी आली, पांढरी. पहिल्या सोमवारी बस सोडून तो ती स्वतः चालवत कारखान्यात घेऊन गेला आणि जनरल मॅनेजरांच्या फियाटशेजारी लावली. हेमलता मात्र त्या गाडीत कधी मोकळी बसली नाही. सिग्नलला कोणी वळून बघितलं की तिची बोटं पदर गुंडाळायला लागत. हवी होती तीच गाडी, आणि हवं होतं तसं लोक बघतही होते.

भाग्यलक्ष्मीने त्या शुक्रवारनंतर खासनिसांच्या दारावरून जायचं सोडून दुसरीकडून देवळात जायला सुरुवात केली होती. सव्वा वर्षाने एका थंडीतल्या सकाळी ती प्रदक्षिणेच्या वाटेवर अचानक समोर आली. वाळली होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हेमलताचं मनगट धरलं. "अक्का, त्या दिवशी मी आत होते," ती म्हणाली. "मला काही माहीत नव्हतं. देवाशपथ."

हेमलताने तिच्याकडे बघितलं. स्वयंपाकघर ते बैठक, मधे नुसता पडदा होता. तिने मनगट सोडवून घेतलं नाही. मग मागून माणसं आली आणि दोघींना पुढे सरकावं लागलं.

दुपारी रत्नाकर आणि ती व्हरांड्यात अवरेच्या, म्हणजे तिकडच्या वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. तिने त्याला सांगितलं.

"खरं असेल," रत्नाकर म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. दाणे डब्यात टाकत म्हणाली, "आणि नसलं तरी, मी एकटीच जाते हो हल्ली भाजीला."

संध्याकाळी हेमलताने सोललेल्या दाण्यांतला अर्धा डबा वेगळा काढला, चप्पल घातली आणि मागच्या गल्लीत भाग्यलक्ष्मीकडे निघाली. आपल्या फाटकापर्यंत गेली, थोडी थांबली, आणि मग गेली.